तळोधी (खांब) : एका इराणी राजपुत्राची स्थळपाहणी

वाचकांस सविनय निवेदन की, पुढील मजकूर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या पायांनी चालून आणि स्वतःच्या पोटाने पचवून लिहिला आहे. जेथे ऐकीव भाग आला आहे तेथे तो कोणाकडून ऐकला तेही सांगितले आहे.

मी नागपुरात, सदर नावाच्या वस्तीत, एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बावीस वर्षे अर्जीनवीस म्हणून बसतो. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यापुढचे लोकांच्या तक्रारींनी केले. पारशिवनीच्या भावाभावांचे बांध मी कागदावर किती वेळा मोजले असतील, परंतु बांध पाहिला नाही. विहिरी लिहिल्या, पाणी पाहिले नाही. माणूस समोर उकिडवा बसतो, बोलतो, आणि मी त्याचे बोलणे सरकारला समजेल अशा भाषेत चढवतो. ज्या वस्तूचा अर्ज लिहायचा ती वस्तू प्रत्यक्ष जाऊन पाहावी, हा योग माझ्या आयुष्यात प्रथमच आला, आणि तो एका राजपुत्रामुळे आला. म्हणून हे प्रवासवर्णन.

सदर, सोमवार

वैशाख होता. भिंतीवरचा कावळाही चोच उघडी टाकून बसला होता. अशा उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले एक साठीचे गृहस्थ माझ्यापुढे उभे राहिले. हातात नोटीस. नाव श्रावणजी, गाव तळोधी (खांब).

आमच्या विदर्भात एकाच नावाची चार-चार गावे असतात. टपाल चुकू नये म्हणून सरकार प्रत्येक गावापुढे कंसात एक खूण लिहिते. मी विचारले, "कंसात खांब काहून?"

"गावात खांब हाये ना जी, दगडाचा. साउलीबा म्हन्तो आमी त्याले. आता सरकार म्हन्ते, उचलून नागपूरले नेतो, अजबखान्यात ठेवतो. मंग कंसात काय लिहाचं, मुन्शीजी? कंस रिकामाच ठेवाचा का?"

प्रश्न बिनतोड होता. परंतु श्रावणजींचे खरे दुखणे कंसाच्या बाहेर होते. ट्रक बुधवारी येणार होता, आणि गुरुवारी त्यांच्या नातीचे, शेवंताचे लग्न होते. त्या गावाची रीत अशी की, गोरज मुहूर्तावर नवरा-नवरी खांबाच्या पूर्वेला उभी राहतात. मावळतीच्या सूर्याने खांबाची सावली दोघांवर पडली की लग्न लागले. मंत्र, मंगलाष्टके, अक्षता हे सारे त्या सावलीच्या पाठोपाठ.

"सावली नाई पडली तं लगन धरतच नाई आमच्यात," श्रावणजी म्हणाले. "नवरदेवाकडचे सोयरेबी त्याच रितीतले. त्याईनं निरोप धाडला, खांब नसन तं वरात आनत नाई. पोरगी तीन दिवसांपासून जेवून नाई राहिली जी."

मी नोटीस हाती घेतली. ती पुराणवस्तूंच्या खात्याची होती. 'मौजे तळोधी (खांब) येथील प्राचीन छायाखंभ संरक्षणार्थ नागपूर येथे हलविण्याचे योजिले असून' अशी तिची सुरुवात होती. मी 'छायाखंभ' या शब्दावर बोट ठेवले आणि माझ्या अंगावर काटा आला. असा काटा बावीस वर्षांत तीनदाच आला असेल.

"श्रावणजी, तुमचा खांब वाचला."

"कसा जी?"

"हा खांब नक्कल आहे."

"साउलीबा नकली हाये?" ते एक पाऊल मागे सरले.

"नकली नव्हे, नक्कल. छायाप्रत असते ना, तसा हा छायाखंभ. सरकारनेच लिहून दिले आहे. मूळ खांब दुसरीकडे कोठेतरी असणार. आणि नक्कल आणण्यासाठी सरकारने ट्रक पाठवल्याचे मी आजवर पाहिले नाही."

श्रावणजींनी माझे दोन्ही हात धरले. त्या भरात मी असे काही बोलून गेलो की माझे मलाच आश्चर्य वाटले. मी म्हणालो, "अर्ज तेथेच येऊन लिहीन. आधी स्थळपाहणी करीन."

घरी हे सांगितले तेव्हा कुटुंब म्हणाले, "बावीस वर्सांत मले कधी रामटेक दाखवलं नाई, अन् आता खांब पाहाले चालले!" तरीही ऊन लागू नये म्हणून तिने माझ्या कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक कांदा घातला. आम्ही नागपूरकर उन्हाळ्यात देवाच्या आधी कांद्यावर विसंबतो.

उमरेड आणि पुढे, मंगळवार

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. हा शुभशकुन होय. मांडीवर माझी लाकडी पेटी होती, तीत दोन टाक, शाईची दौत, शिक्क्याची गादी आणि कोरे कागद. उमरेडपर्यंतचा रस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याचे वर्णन करीत नाही. उमरेडला गाडी अर्धा तास थांबली. एका बाजूने कोळशाच्या खाणीवरचे काळे झालेले लोक येत होते, दुसऱ्या बाजूने खांद्यावर पांढऱ्याशुभ्र धोतरजोड्यांचे गठ्ठे घेऊन विणकर येत होते, आणि दोघेही एकाच कढईतल्या आलूबोंड्यावर भेटत होते. आम्हीही भेटलो. बोंड्याच्या पोटात हिरवी मिरची सबंध होती, चिरलेली नव्हती. नागपुरात मिरची आधी सूचना देते; उमरेडात ती एकदम अंमलबजावणी करते.

येथेच एक लहानसा अपघात झाला. बोंडा खाताना मी पेटी पोटाशी धरली होती. उन्हाने शिक्क्याची गादी पाझरली आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, बेंबीच्या किंचित वर, जांभळा गोल डाग उमटला. श्रावणजींनी तो पाहिला, आदराने पाहिला, आणि म्हणाले, "बरं झालं जी. सरकारी माणूस वाटता."

मी कोटाचे बटण लावले नाही.

उमरेडच्या पुढे मिरचीचा मुलूख लागतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना लालभडक मिरच्या वाळत पसरल्या होत्या. जमिनीलाच कुंकू लावले आहे असे वाटावे. कंडक्टरने दोरी ओढून जाहीर केले, "नाकं धरा जी, मिरची आली!" पण धरायच्या आत वाऱ्याचा एक झोत खिडकीतून आत शिरला आणि साऱ्या गाडीला शिंका सुटल्या. ड्रायव्हर शिंकला, गाडी वाकडी झाली. कंडक्टर शिंकला, तिकिटे उडाली. मागच्या बाकावरची एक म्हातारी शिंकता शिंकता हसत सुटली, तिचे पाहून बाकीचे हसू लागले. अनोळखी माणसे एकमेकांच्या पाठी थोपटत होती. सदरमध्ये शेजारचा दुकानदार शिंकला तर आपण मान वळवत नाही. येथे शिंकेने सोयरिका जुळण्याच्या बेतात होत्या.

फाट्यावर उतरलो तेव्हा श्रावणजींची बंडी उभी होती. बैलांच्या शिंगांना लग्नाचा नवा रंग दिलेला होता. पुढचे सगळे अंतर भाताच्या उघड्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, गेले. ऊन मी म्हणत होते, पण माझे मन एखाद्या शाळकऱ्यासारखे उड्या मारीत होते. मी राजाचा खांब पाहायला चाललो होतो!

तळोधी (खांब)

नागपुरात पाहुणा आला की आपण 'बसा' म्हणतो आणि तो किती वेळ बसेल याचा अंदाज घेतो. तळोधीत माझे पाय धुतले गेले, तेही श्रावणजींच्या थोरल्या बहिणीने. तिचे नाव सगुणाबाई. ती सत्तरीची, केस पांढरे, जीभ मात्र तरुण.

"हेच का ते सरकारी?" तिने माझ्या पोटावरच्या डागाकडे पाहत विचारले.

"सरकारी नाई वं बाई, सरकारशी भांडनारे," श्रावणजी म्हणाले.

"मंग शिक्का पोटावर काहून? पाठीवर मारतेत ना, बैलाच्या?"

सारे अंगण हसले. मीही हसलो. पाय तिच्या हातात असताना रागावणे शक्य नव्हते.

जेवायला लाखोळीची डाळ, भात, आंब्याचा रस आणि लग्नासाठी तळून ठेवलेल्या कुरडया. शेवंता वाढत होती. मुलगी सावळी, नाकेली, डोळे सुजलेले. मी तिला म्हणालो, "बाळ, काळजी नको. उद्या मी आहे." माझ्या पानात रसाची दुसरी वाटी न विचारता आली. त्या वाटीने माझ्यावर जी जबाबदारी टाकली ती कोणत्याही वकीलपत्राने टाकली नव्हती.

संध्याकाळी खांब पाहिला. तो गावाच्या मध्ये एका ओट्यावर उभा आहे. उंची दीड पुरुष, आठ कडा, शेकडो वर्षांच्या तेलाने काळाभोर झालेला. वरच्या बाजूस एका पुरुषाची आकृती कोरलेली आहे, झिजलेली. डोक्यावर टोकदार टोपी, अंगात लांब डगला आणि पायांत बूट. देवाच्या पायांत बूट मी प्रथमच पाहिले.

"बूट कसे काय?" मी विचारले.

"त्याले काटे रुततेत," सगुणाबाई म्हणाली. एवढे पुरेसे होते.

आकृतीखाली दोन ओळी मुंग्यांसारख्या अक्षरांच्या. त्या कोणालाच वाचता येत नव्हत्या, मलाही नाही. अर्जीनवीसासमोर लिहिलेला मजकूर असावा आणि त्याने तो मुका होऊन पाहावा, याचे वैषम्य वाटले. मग मी ओट्यावर बसलो आणि कंदील लागायच्या आत नकलेचा अर्ज लिहून काढला. चार पाने झाली. इतके सुंदर अक्षर माझ्या हातून पूर्वी उतरले नव्हते.

बुधवार

सकाळी जीप आली, तिच्यामागे ट्रक, ट्रकमध्ये सहा हमाल आणि साखळदंड. जीपमधून खात्याचे देशकर साहेब उतरले. वय तिशीच्या पुढे, चष्मा, उन्हाने टोमॅटोसारखे लाल. सारे गाव जमले. मी पुढे झालो, घसा साफ केला आणि वाचावयास आरंभ केला :

"अर्जदार सविनय सादर करतात की, सरकारने आपल्या नोटिशीत सदर वस्तूस स्वतःच छायाखंभ म्हटले असून, छायाप्रत ही मुळाची बरोबरी करू शकत नाही, हे सर्व कचेऱ्यांस मान्य आहे. तरी सरकारने प्रथम मूळ खांब शोधून हजर करावा, व तोपर्यंत ही नक्कल अर्जदारांच्या कब्जात राहू द्यावी."

 देशकर साहेब बंडीच्या जुवावर बसले, चष्मा काढला आणि हसू लागले. ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आले. साहेब हसतात म्हणून हमाल हसले, हमाल हसतात म्हणून गाव हसले.

"मुन्शीजी," ते श्वास घेत म्हणाले, "मी इतकी वर्षे शिलालेख वाचतो आहे. छायाखंभाचा हा अर्थ आजवर एकाही पंडिताला सुचला नाही."

अनेक पंडितांना जे सुचले नाही ते मला सुचले, एवढे मी येथे नोंदवतो. तो अर्थ चुकीचा होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. साहेबांनी सांगितले की, छाया म्हणजे मेलेल्या माणसाची प्रतिमा, त्याची आठवण. कोणी थोर माणूस वारला की त्याच्या नावाने असा खांब उभारीत.

मग ते उठले आणि मुंग्यांच्या ओळींवरून बोट फिरवीत मोठ्याने वाचू लागले. 'महाक्षत्रप' हा शब्द आला, 'कुमार', म्हणजे त्याचा मुलगा, आला, शेवटी 'छायाखंभो' आला. मधले नाव झिजून गेले होते. दोन हजार वर्षांच्या आसपासचा तो दगड बोलत होता आणि सारे गाव श्वास रोखून ऐकत होते. त्या आनंदात माझ्या अर्जाचे चारही कागद माझ्या हातून कधी गळाले ते कळले नाही.

"क्षत्रप म्हंजे कोन जी? छत्रपती का?" श्रावणजींनी विचारले.

पुढील मजकूर साहेबांच्या तोंडून ऐकलेला आहे. क्षत्रप म्हणजे छत्रपती नव्हेत. तो शब्द इराणी. त्याचा अर्थ राज्य राखणारा, म्हणजे बादशहाने एखाद्या मुलखावर नेमलेला अधिकारी. शक कुळातले हे लोक इराणी वंशाचे. ते वायव्येकडून येत येत गुजरात, माळवा आणि आपल्या पश्चिमेकडील मुलखावर राज्य करू लागले. पुढे स्वतंत्र राजे झाले, चांदीची नाणी पाडली, पण हुद्दा क्षत्रपाचाच ठेवला. बाप महाक्षत्रप असे आणि मुलगा क्षत्रप.

"म्हणजे क्षत्रप हा कलेक्टर?" मी विचारले.

"तसंच धरा."

"आणि महाक्षत्रप हा कमिशनर?"

"धरा."

माझ्या आनंदाला सीमा राहिली नाही. ज्यांनी राजे झाल्यावरही कलेक्टर हीच पदवी पुरेशी मानली, असे शहाणे राजे मी ऐकले नव्हते. बावीस वर्षे मी 'मा. कलेक्टर साहेब यांचे सेवेशी' असे लिहीत आलो, आणि हे गाव इतकी शतके कमिशनर साहेबांच्या मुलाला तेल लावीत आले!

"इराण कोठी आलं जी?" गर्दीतून कोणी विचारले.

"पेट्रोल येते ना, तिकडं," ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितले.

"आणि तुम्ही लग्नपत्रिकेवर शके लिहिता ना," साहेब म्हणाले, "ते वर्ष मोजायची रीत याच लोकांनी चालवली. त्यांच्या नाण्यांवर याच गणतीची वर्षे आहेत."

"पत्रिकेवर तं शालिवाहन शके लिहिलं हाये," श्रावणजींनी हरकत घेतली.

"शालिवाहनाचं नाव मागाहून जोडलं गेलं. शक हे नाव मात्र यांचंच."

"म्हंजे लगनाचं सालबी याचंच, अन् सावलीबी याचीच!"

साहेब थबकले. "सावली? तुम्ही याला म्हणता तरी काय?"

"साउलीबा," सारे गाव एका सुरात म्हणाले.

साहेबांनी खांबाकडे पाहिले, मग गावाकडे. "हा लेख कोणी वाचून दाखवला होता का पूर्वी?"

"तुमीच पयले."

"योगायोगही असेल," ते हळूच पुटपुटले. पण त्यांच्या आवाजातले हसू गेले होते.

तथापि हुकूम हुकूमच होता. त्यांनी मान हलवली आणि हमालांनी साखळदंड खांबाला घातला. तो घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. शतकानुशतकांच्या तेलावर लोखंडाला पकड मिळेना. तिसऱ्यांदा साखळी एका हमालाच्या पायावर पडली. "आजी, तेल जरा कमी लावत जा ना वं," तो पाऊल चोळीत म्हणाला.

"तुह्या बापाचं तेल हाये का?" सगुणाबाईने विचारले.

ओट्याच्या मागे शेवंता उभी होती. ती रडत नव्हती. तिने दोन्ही हातांनी खांबाची मागची कड धरून ठेवली होती. साहेबांनी ते पाहिले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मुन्शीजी, मला मार्ग द्या. हरकतीचा अर्ज आला तर मला थांबता येतं. पण तो हितसंबंध असलेल्या माणसाचा पाहिजे. या खांबाच्या धन्याशी या लोकांचं नातं काय?"

सारे गाव माझ्याकडे पाहू लागले. मला काहीही सुचले नाही. बावीस वर्षांत असे झाले नव्हते. शब्द माझ्याकडे रांगेत उभे असतात. त्या क्षणी फाटक बंद होते.

सगुणाबाई पुढे आली. "का गा साहेब, तो पोट्टा मेला तवा त्याचे मायबाप इतं होते का?"

"सांगता येत नाही, आजी. बाप बहुधा उज्जैनकडे असेल."

"बायको? लेकरं?"

"लेखात काही नाही."

"एवढ्या लांबून आला, परमुलखात मेला, अन् जवळ कोनी नाई!" ती खांबाकडे वळून म्हणाली. मग साहेबांना म्हणाली, "मंग त्याले तेल कोनं लावलं? उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावर पानी कोनं टाकलं? पयला आंबा त्याच्यापुढं कोनं ठेवला? आमीच ना. दुसरं कोन हाये त्याले?"

माझे फाटक उघडले. मी ओट्यावर मांडी घातली, कोरा कागद घेतला आणि वारसाच्या अर्जाचे रकाने जसे आठवतात तसे भरू लागलो. भरता भरता मोठ्याने वाचत गेलो :

मयताचे नाव : झिजल्यामुळे वाचता येत नाही. वडिलांचा हुद्दा : महाक्षत्रप. मूळ राहणार : इराण. हल्ली मुक्काम : तळोधी (खांब). मयताचे मागे रक्ताचे कोणी हयात असल्याचे ऐकिवात नाही. मयताचे तेलपाणी व नैवेद्य अर्जदार पिढ्यान्‌पिढ्या अखंड करीत आले असून, मयतही अर्जदारांच्या लेकींच्या लग्नास विनातक्रार हजर राहत आला आहे. सबब अर्जदार हेच त्याचे वारस होत. वारस : समस्त गाव.

पहिला अंगठा सगुणाबाईने दिला. मग रांग लागली. शेवंताने सही केली. अक्षरे वाकडीतिकडी, पण पूर्ण नाव.

देशकर साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "हा अर्ज मला वर पाठवावा लागेल," ते म्हणाले, "आणि अर्ज वर आहे तोवर खांब खाली ठेवावा लागेल."

गावाला हे वाक्य समजायला दोन क्षण लागले. मग जी आरोळी उठली तिने श्रावणजींचे नवे रंगवलेले बैल दावे तोडून पळाले, आणि पुढचा अर्धा तास कमिशनर साहेबांचे चिरंजीव सोडून सारे त्यांच्यामागे धावत होते.

दुपारी साहेबांनी खांबाचा ठसा घेतला. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशने हलके ठोकायचा, वरून शाईचा बोळा फिरवायचा. काळ्या कागदावर पांढरी अक्षरे उमटली, जशीच्या तशी. मी म्हणालो, "आमच्या कचेरीची रीतच ही आहे साहेब. मूळ पक्षकाराजवळ, नक्कल दप्तरी." त्यांनी हात जोडले. हे हात जोडणे माझ्या विद्वत्तेला होते की माझ्यापासून सुटका व्हावी म्हणून, याची चौकशी मी केली नाही. ठसा गुंडाळून जीप गेली. रिकामा ट्रक मात्र लगेच गेला नाही, कारण हमालांना लग्नाच्या वडाभाताचा वास आला होता.

गुरुवार

वरात आली. सोयऱ्यांनी आधी खांब पाहिला, मग नवरी. गोरज जवळ आली, शेवंता आणि तिचा नवरा पूर्वेला उभे राहिले, भटजींनी अंतरपाट धरवला. आणि पश्चिमेला एक ढग आला.

वैशाखातला तो कोरडा ढग सूर्यापुढे असा बसला, जसा एखादा कारकून फायलीवर बसतो. सावली नाही. वाजंत्री थांबली. नवरदेवाचे मामा म्हणू लागले, "आमी म्हटलंच होतं." श्रावणजींचा चेहरा उतरला. मी कांदे चाचपडू लागलो.

तेव्हा सगुणाबाई ओट्यावर चढली, टोकदार टोपीसमोर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून गरजली, "का बे इराण्या! काल तुह्यासाठी साऱ्या गावानं अंगठे काळे केले. आज लेकीचं लगन हाये. सावली टाक ना बापा!"

ढगाची कड तांबूस झाली. एक किरण निसटला, मग दुसरा. आणि ओट्यावरून एक लांब, काळी, टोपीवाली सावली सरपटत गेली ती थेट त्या दोघांच्या डोक्यांवर चढली. शेवंता हसली. त्या हसण्याचे वर्णन करण्याचा अधिकार सातवी पास माणसास नाही. सनई-चौघडा एकदम फुटला, अक्षतांनी आकाश पिवळे झाले, ट्रकचा ड्रायव्हर मामांना खांद्यावर घेऊन नाचला, आणि मी, ज्याने आयुष्यात कधी हात वर केला नाही, मी लेझीम मागून घेतली. पुढचे आठवत नाही.

पुन्हा सदर

परत आल्यावर काही आठवड्यांनी श्रावणजी माझ्या कडुलिंबाखाली आले. बरोबर सरकारी लिफाफा होता. आत दोन ओळी : सदर खांब पुढील आदेश होईपर्यंत जागेवरून हलवू नये. पुढील आदेश नावाची वस्तू मी बावीस वर्षांत एकदाही आलेली पाहिली नाही, तेव्हा श्रावणजींना निश्चिंत राहण्यास सांगितले.

परंतु त्यांना लिफाफ्याची पुढची बाजू दाखवायची होती. कारकुनाने अर्जावरून पत्ता जसाच्या तसा उतरवून घेतला होता : 'मयत महाक्षत्रप कुमार यांचे समस्त वारस, मु. तळोधी (खांब).'

"पोस्टमन चौकात उभा राहून वरडून राहिला होता जी," श्रावणजी सांगू लागले. "म्हने, हे कोन्या घरचं टपाल हाये गा? कोनाले काई समजे ना. सगुणाबाई शेन थापून राहिली होती. तशीच उठली, लुगड्याले हात पुसले, अन् म्हने, आन इकडं. आमच्याच घरचं हाये."